कोरिनाचे डोळे उघडण्याआधी

नॉयश्टाट, ८ जानेवारी १९५९

एडविन,

नाताळात पाठवलेला मसाल्याचा केक परत आला नाही, म्हणजे तो तरी तुमच्या घरी खाल्ला गेला असं मी धरून चालते. पत्रांचं काही कळत नाही. हे एक तरी वाच.

कोर्टाचा कागद पुन्हा आला आहे. तेरा फेब्रुवारीला मला कोबुर्गला दुसऱ्यांदा उभं राहायचं आहे.

डिसेंबरमध्ये मी जे बोलले त्यातून तू काय अर्थ काढलास, मला माहीत नाही. तू खिडकीकडच्या बाकावर होतास. माझं उत्तर ऐकून तू डोळे मिटलेस आणि मोठा श्वास सोडलास. तुझ्या बायकोला, थेआला, वाटलं असेल, बहिणीने भावाला वाचवलं. इथे मालकांना, रूगहाइमरांना, वाटलं, बहिणीने कारखाना बुडवला. मी या दोन्हीतलं काहीच केलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "कोरिना ही बाहुली केव्हा तयार झाली?" आणि माझी जीभ आपोआप म्हणाली, "नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाला."

दुसरं काय म्हणणार? सत्तावन्नच्या मार्टिनच्या सणाला मी ब्रशने तिचे डोळे उघडले. मालकांनी सगळ्यांना प्लमचा केक वाटला, मी तिच्या कानात नाव सांगितलं. आपल्याकडे त्याआधी बाहुली नसतेच. डोकं असतं, आंधळी असते, भिंतीकडे तोंड करून फळीवर पडलेली असते. लहानपणी तू एका आंधळीला 'लोटे' म्हणून हाक मारलीस तेव्हा आईने तुझ्या हातावर फटका दिला होता, आठवतं? "अजून तिला दिसत नाही, नाव कुणाला देतोस?" म्हणाली होती.

त्या काळ्या झग्यांतल्या माणसांना हे कुठून ठाऊक असणार! त्यांनी नोव्हेंबर लिहून घेतलं. आणि तुमच्या लिंडाखर कंपनीची गाबी ऑक्टोबरातच न्युरेंबर्गला नोंदली गेलेली. म्हणजे गाबी आधीची, कोरिना नंतरची. त्यांची अस्सल, आमची नक्कल. तू तर आधीच सांगून बसला होतास की रूगहाइमरांची नोकरी सोडून न्युरेंबर्गला गेल्यावरच तू हा चेहरा घडवलास. माझा नोव्हेंबर त्या सांगण्याला टेकू होऊन बसला.

पण तो चेहरा तू कुठे घडवलास, ते मला माहीत आहे. आणि तुझ्या करारात काय लिहिलं होतं तेही तूच मला वाचून दाखवलं होतंस. नोकरीत असताना हातून जे घडेल ते कारखान्याचं.

आता आमच्या वकिलांना कुणीतरी सांगितलं आहे की रंगवणाऱ्या बायका 'झाली' कधी म्हणतात. या खेपेला ते वेगळ्या शब्दांत विचारतील. तोपर्यंत महिना आहे. तू स्वतः जाऊन सांगावंस, असं मला वाटतं. मी सांगण्याआधी.

सेल्मा


नॉयश्टाट, २० जानेवारी

एडविन,

थेआचं कार्ड मिळालं. 'तो पत्रं वाचत नाही, मी वाचते. तो म्हणतो लिहू नका.' अक्षर सुंदर आहे हिचं. थेआ, तू वाचत असशील तर त्याच्यासमोर मोठ्याने वाच. तो उठून दुसऱ्या खोलीत जाईल. तिथेही ऐकू जाईल असं वाच. लहानपणापासून तो असाच ऐकतो, दाराआडून.

तुझा राग कशावर आहे ते मला माहीत आहे. सप्टेंबरात तू तो चेहरा मालकांना दाखवलास आणि ते हसले. "पोरीला खेळायला बाळ देतात रे, बाई कोण देतं? हिला तर छाती आहे!" तू तिथल्या तिथे नोकरी सोडलीस, साच्याची एक प्रत खिशात घालून गेलास, आणि मेणाचं डोकं रागारागात तिथेच टाकून गेलास. मग न्युरेंबर्गला तशाच बाहुल्या येणार अशी कुणकुण लागली आणि मालकांना फळीवरची आंधळी आठवली. ताटात मांडलेली डोकी माझ्यासमोर आली. मी ओळखलं. मी रंगवली. आणि तू जत्रेत भेटलास तेव्हा म्हणालास, "तू त्यांच्यासाठी तिचे डोळे उघडलेस."

मग काय करायला हवं होतं मी? मालकांना सांगायचं होतं, की हा माझ्या भावाचा चेहरा आहे, मी हात लावणार नाही? माझ्या जागी बेट्टीने डोळे रंगवले असते आणि कोरिनाला आयुष्यभर गाईचे डोळे मिळाले असते. मी चांगले रंगवले. ते चांगले आहेत, हे तुलाही दिसलं आहे. म्हणूनच तू इतका चिडलास.

इथलं ऐक. खटला लागल्यापासून कोरिनाचं काम थांबलं आहे. घरी कपडे शिवणाऱ्या बायकांना कापड मिळत नाही. काल शेकोटीजवळ बेट्टी म्हणाली, "सेल्मा, भावाला निरोप दे. बाहुली नेलीस, ने बाबा. आमच्या ताटातला पाव कशाला नेलास?"

मी काही बोलायच्या आत पलीकडून रोझी म्हणाली, "तिला काय विचारतेस? तिला नोव्हेंबरशिवाय दुसरा महिनाच येत नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले, न हसून कुठे जाणार? आता माझं नावच ते झालं आहे. "नोव्हेंबरबाई, तांबडी वाटी सरकवा." "नोव्हेंबरबाई, आज थंडी फार, तुमचाच महिना लांबला का?" दिवसभर चालतं. त्या वाईट नाहीत. पण त्यांच्यापैकी एकीलाही वाटत नाही की माझी जीभ चुकून घसरली. सगळ्यांना वाटतं, मी ठरवून बोलले. कधीकधी ब्रश धुताना मलाही शंका येते. उत्तर दिल्यावर तुझा श्वास सुटलेला मी ऐकला, आणि मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आधीपासून माझ्या पोटात होतं की नंतर आलं?

थेआ, इथपर्यंत वाचलंस तर पुढचं हळू वाच. त्याला सांग, झोप लागत नसली की मी पलीकडच्या खोलीतला त्याचा तो खोकला ऐकते, जो आता इथे नाही.

सेल्मा


नॉयश्टाट, ३ फेब्रुवारी

एडविन,

डॉक्टर ट्राउटनर, म्हणजे आमच्या कारखान्याचे वकील, काल इथे आले होते. मला मालकांच्या खोलीत बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी दिली. मालकांच्या खोलीत मला आजवर कुणी कॉफी दिली नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "पहिली गोष्ट. भावाला या प्रकरणाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही."

"नाही लिहिणार," मी म्हटलं. हे अक्षर कितवं झालं कोण जाणे.

"दुसरी. न्यायाधीश तुम्हाला सांगतील की सख्ख्या भावावर खटला ओढवेल असं उत्तर द्यायची तुमच्यावर सक्ती नाही. तुम्ही गप्प राहू शकता."

मला एकदम हलकं वाटलं. मी विचारलं, "खरंच? गप्प राहिलं तर चालतं?"

त्यांनी साखर ढवळली. "चालतं की. आमचं काम आणखी सोपं होतं. भाऊ खरं बोलत असेल तर बहिणीला गप्प बसायची गरज काय?"

मालक आमच्याकडे पाठ करून खिडकीशी उभे होते. तसेच उभे राहून म्हणाले, "सेल्मा, तुझ्या आईनेही याच कारखान्यात डोळे रंगवले." एवढंच. ते पुढे काही बोलले असते तर मला राग तरी आला असता.

म्हणजे बघ, बोलले तरी सांगितलं आणि न बोलले तरी सांगितलं. तिसरा रस्ता एकच उरतो. पुन्हा नोव्हेंबर म्हणायचं, यावेळी जाणूनबुजून. मी ते करून पाहिलं. चुलीसमोर उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं, "मी ते डोकं पहिल्यांदा नोव्हेंबरात पाहिलं." शब्द बाहेर येतात. पण नंतर माझी मान खाली जाते, आणि ती मान तिथले सगळे बघतील.

निघताना मी वकिलांना उगाच विचारल्यासारखं विचारलं, की एखाद्याने आधी एक सांगितलं आणि मग स्वतःहून येऊन दुरुस्त केलं, तर?

"निकालाआधी आला तर कोर्ट पोटात घालतं," ते कोट चढवत म्हणाले. "पण बाई, असं येतं कोण?"

तू ये. एडविन, तू ये. बारा तारखेला ये, माझ्याकडे झोप, सकाळी दोघं एकाच गाडीने कोबुर्गला जाऊ. तू आधी आत जा. मग मला काही विचारायचं उरणारच नाही. तुझी नोकरी जाईल कदाचित. लिंडाखर चिडतील. पण तू खोटा ठरणार नाहीस, आणि तुला खोटा ठरवणारी मी ठरणार नाही. मला यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं की पहिलं, हे मला नीट सांगता येत नाही.

मी बटाट्याचे गोळे करीन. तुला आवडतात तसे, आत तळलेल्या पावाचे तुकडे घालून.

सेल्मा


कोबुर्ग स्टेशन, १३ फेब्रुवारी, सकाळी

तू आला नाहीस. गोळे शेजारी दिले.

प्रतीक्षालयात बसून लिहिते आहे. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर पिशवी आहे आणि पिशवीत कोंबडी आहे. कोंबडी शांत आहे, मी नाही. हातमोजे काढले तर अक्षर वाकडं येतं आणि घातले तर लिहिता येत नाही. ज्या हाताने मी एका केसाच्या ब्रशने पापण्या काढते तो हा हात.

अजूनही तू दारात दिसशील असं वाटतं. कोर्टाच्या पायऱ्यांवर, टोपी हातात घेऊन. तू दिसलास तर हे पत्र फाडीन.

काय बोलणार ते मी अजून ठरवलेलं नाही. देवाशपथ नाही.


नॉयश्टाट, १४ फेब्रुवारी
जलद टपाल

एडविन, आधी ही ओळ वाच. कशावरही सही करू नकोस. लिंडाखर काय पुढे करतील, त्यांचे वकील काय पुढे करतील, कशावरही नाही. आता सावकाश वाच, कारण तू दार आपटून गेलास आणि त्यानंतर आत काय झालं ते तुला कुणी खरं सांगितलं नसेल.

तू खिडकीकडच्या त्याच बाकावर होतास. मला वाटलं, आता उठशील, आता उठशील. न्यायाधीशांनी मला गप्प राहायची मोकळीक समजावली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे डोळे न रंगवलेल्या डोक्याला काय म्हणतात?"

"आंधळी," मी म्हटलं. मागे कुणीतरी हसलं.

"मग सांगा. ही आंधळी तुम्ही पहिल्यांदा केव्हा पाहिलीत?"

आमचा शब्द त्यांच्या तोंडात ऐकला आणि माझ्याकडे लपायला जागा राहिली नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू नकारार्थी मान हलवली नाहीस, होकारार्थीही नाही. तू फक्त लहान दिसत होतास. आईच्या प्रेताशी उभा होतास तेवढा. मी म्हटलं, "ऑगस्टात."

तू उठलास. दार वाजलं. ऑगस्टापुढे तू काहीच ऐकलं नाहीस. पुढचं ऐक.

मी घाबरून पुढे बोलत राहिले. "ऑगस्टात, रविवारी."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "कारखाना रविवारी चालू असतो?"

"छे हो. माझ्या स्वयंपाकघरात. तो माझ्याकडेच राहायचा तेव्हा."

"मेण कारखान्याचं?"

"माझं. नाताळच्या मेणबत्त्यांसाठी मधवाल्याकडून आणलेलं. अर्धं संपवलं त्याने, मी ओरडलेही त्याला."

"आणि हत्यारं?"

"माझी बटाटे सोलायची सुरी. आणि मोजे विणायची सुई. ती वाकवून ठेवली, मेल्याने."

आता उघड उघड हसले सगळे. न्यायाधीश हसले नाहीत. "त्यांना हे करायला कुणी सांगितलं होतं? मालकांनी?"

"कुणीही नाही. मालकांना असलं काही नकोच होतं. त्याला करावंसं वाटलं."

एडविन, मग खोलीत काहीतरी बदललं. आमचे ट्राउटनर आणि तुमचे वकील, जे एकमेकांकडे ढुंकूनही बघत नव्हते, ते एकमेकांकडे बघू लागले. न्यायाधीश सावकाश म्हणाले, "महाशय, आतापर्यंत आपण हा चेहरा दोघांपैकी कुणाचा यावर भांडत होतो. साक्षीदार बाईंचं ऐकून मला वाटतं, तो दोघांपैकी एकाचाही नसण्याची शक्यता तपासावी लागेल."

दोन्ही वकिलांनी एका सुरात वेळ मागितला. एका सुरात! बाहेर आले तर मालक आणि तुमचे लिंडाखर, दीड वर्षाचे वैरी, चौकातल्या सॉसेजच्या गाडीशी एकाच पावाचे दोन तुकडे करून खात होते. मला पाहून गप्प झाले.

त्याआधी खाली दाराशी कोर्टाचा चौकीदार माझा कोट धरून म्हणाला, "बाई, भावाला सांगा, स्वतःचा वकील कर म्हणावं. लवकर."

म्हणून हे जलद टपालाने. तू मला शिव्या दे, पण नंतर दे. रविवारी, माझ्या मेणात, स्वतःच्या मनाने केलेलं नोकरीत मोडत नाही, ते तुझं असू शकतं. तुझं. ऑगस्ट म्हणताना मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं, मी तुला बुडवते आहे.

थेआ, त्याला दाराआडून ऐकू देऊ नकोस. हातात दे.

सेल्मा


नॉयश्टाट, १२ एप्रिल

एडविन,

थेआने सगळं कळवलं. माझं जलद पत्र निघायच्या आदल्या संध्याकाळीच तुझी सही झाली होती. लिंडाखर कोबुर्गहून तुझ्याबरोबर एकाच डब्यातून परतले, वाटेत तुला बिअर पाजली आणि म्हणाले, "इथे सही कर. तुझा चेहऱ्यावर हक्क नाही एवढंच लिहिलंय. मग तू आधी काय सांगितलं होतंस ते आमच्याकडून कुणी उकरणार नाही." तू वाचलं नाहीस. खोटं पकडलं गेलेला माणूस कागद वाचत बसत नाही, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

मी दोन महिने लिहिलं नाही. काय लिहायचं? तू तेरा तारखेला माझ्याआधी आत गेला असतास तर, असं एक वाक्य रोज मनात यायचं. ते मी इथे एकदा लिहिते आणि पुन्हा कधी काढणार नाही. तुझ्याकडेही माझ्यासाठी असंच एखादं वाक्य असेल. तेही एकदा लिहून टाक.

दोन्ही मालकांनी केलेल्या तडजोडीची प्रत आमच्याकडे भिंतीवर लावली आहे. दोन्ही कंपन्या तो चेहरा वापरणार. बायकांना कापड मिळायला लागलं. बेट्टीने माझ्यासाठी घरून केक आणला, म्हणाली, "घे, नोव्हेंबर. तू काय केलंस ते मला अजून कळलं नाही, पण घे." तुला यापुढे बाईचा चेहरा घडवायचा नाही, असंही तडजोडीत लिहिलं आहे. थेआ म्हणते, त्यांनी तुला घोड्यांच्या विभागात टाकलं. तुझे घोडे खानदानी बायकांसारखे दिसतात म्हणे आणि मुकादम रोज ओरडतो.

आणि एक कलम आहे. गिऱ्हाइकाला दोन बाहुल्या वेगळ्या ओळखता याव्यात म्हणून गाबीने उजवीकडे बघायचं आणि कोरिनाने डावीकडे. कोर्टाचा शिक्का आहे त्यावर. मी इतकी वर्षं सगळ्यांना उजवीकडे बघायला लावत आले. आता हात ऐकत नाही. पहिल्या आठवड्यात निम्मी डोकी स्पिरिटने पुसून टाकली. एक इतकी बिघडली की रोझीने ती खिडकीत ठेवली आणि म्हणाली, "बरोबर आहे, ही वकिलाकडे आणि न्यायाधीशाकडे एकदम बघते." आता जमायला लागलं आहे. काम करताना मला स्वतःलाच डावीकडे बघावं लागतं. संध्याकाळी मान दुखते.

परवा कोबुर्गला दुकानात जाऊन तुझी गाबी विकत घेतली. दुकानदार म्हणाला, "नातीसाठी?" मी हो म्हटलं. घरी आणून कोरिनाशेजारी टेबलावर उभी केली. रंगवणाऱ्या पोरीचा हात चांगला आहे, फक्त पापण्या घाईत काढल्यात. दोघींनी एकमेकींकडे पाठ केल्यासारखं वाटत होतं, एक या भिंतीकडे बघते, दुसरी त्या. मी बराच वेळ बघत बसले. मग सहज जागा बदलल्या, गाबी डावीकडे आणि कोरिना उजवीकडे, आणि दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. वकिलांनी कलम लिहिताना हे करून पाहिलं नसणार. डोळे तेच ठेवून नुसती जागा बदलायची, एवढंच होतं ते.

परवापासून त्या टेबलावर तशाच आहेत. मी चुलीशेजारी उभ्याने जेवते.

रविवारी ये. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. टेबल मोकळं करून ठेवते. घोडा करायचा असेल तर घोडा कर.

सेल्मा